ट्रॉलीने येणारे शहरी खत शेतात घालावे का?

शिरोळ तालुक्यातील एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. त्यातील मुख्य मजकूर असा :

"आमची पाच एकर जमीन आहे. तीन एकर ऊस असून त्यातला दोन एकर सध्या खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेले पीक) आहे. एका एकरात भाजीपाला असतो आणि नदीकडचा एक एकराचा तुकडा गेली काही वर्षे पांढरा पडत चालला आहे. पती नोकरीनिमित्त बाहेर असल्यामुळे शेती मी आणि मामंजी पाहतो. गेल्या वर्षी वीस गुंठे मिरचीसाठी एक ट्रॉली कोंबडी खत टाकले आणि आठ दिवसांनी रोपे लावली. निम्म्याहून अधिक रोपे पानांच्या कडा करपून गेली. यंदा एक ट्रॅक्टरवाला जवळच्या शहरातील कचऱ्यापासून केलेले खत सुटे, ट्रॉलीच्या भावाने आणून देतो म्हणतो. धाकटे दीर म्हणतात, एकरी चार ट्रॉल्या टाकू आणि युरिया बंद करू. मामंजी म्हणतात, शहराची घाण माझ्या रानात नको. कारखान्याचे प्रेसमडही (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) मिळण्यासारखे आहे. ऊस तुटल्यावर आम्ही पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवतो, कारण सगळेच पेटवतात. आम्ही काय करावे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

उत्तर आधी थोडक्यात देतो आणि कारणे नंतर सांगतो. ती ट्रॉली यंदा घेऊ नका. निदान तिच्यातील मालाचा तपासणी अहवाल हातात पडेपर्यंत तरी घेऊ नका. मात्र शहरी खत ही वस्तूच वाईट, असे ठरवून त्यावर कायमची फुलीही मारू नका. आणि या दोन्हींच्या आधी, येत्या तोडणीनंतर पाचटाला काडी लावू नका. कारण तुम्ही ज्या सेंद्रिय खताच्या शोधात आहात, त्याचा सर्वांत मोठा साठा तुमच्याच रानात दरवर्षी पडतो आणि एका दुपारी त्याची राख होते.

मामंजींच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण आयुष्यभर एकाच रानात राबलेल्या माणसाची शंका बाजूला सारून पुढे जाणे योग्य नाही. शहराची घाण शेतात जाणे ही गोष्ट मुळात नवी नाही. मैल्यापासून केलेल्या खताला आपल्या भाषेने सोनखत असे नाव दिले, यातच त्याची किंमत आपल्या पूर्वजांना किती कळली होती ते दिसते. कचरा शास्त्रशुद्ध रीतीने कुजवण्याची जी पद्धत पुढे जगभर गेली, तीही आपल्या जवळच, इंदूर येथे आकाराला आली; १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून, ठराविक दिवसांनी ढीग उलटून खत करण्याची रीत तेथे बसवली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजवणारा विटांचा जाळीदार हौद तयार केला आणि तो त्यांच्याच आद्याक्षरांवरून नाडेप म्हणून देशभर ओळखला जातो. तेव्हा कचऱ्याचे खत करणे हे आपल्याला परके नाही.

बदलला आहे तो कचरा. पूर्वी शहराच्या केरात चुलीची राख, शेण, भाजीची देठे, उष्टे-खरकटे आणि अंगणातली माती असे. आज त्याच डब्यात घड्याळाचे सेल, फुटलेल्या ट्यूबलाइट, औषधांच्या पट्ट्या, शॅम्पूच्या पुड्या, रंगाचे डबे आणि लहान मुलांचे डायपर पडतात. जेथे ओला कचरा घरातच वेगळा होतो आणि वेगळाच उचलला जातो, तेथील खत बहुधा चांगले निघते. जेथे सगळे एकत्र करून नंतर यंत्राने चाळले जाते, तेथे मोठे तुकडे निघून जातात आणि बारीक तुकडे खतातच राहतात. म्हणून मामंजींची शंका जुन्या सोनखताला लागू होत नसली, तरी दारात उभ्या राहणाऱ्या या सुट्या ट्रॉलीला ती पुरेपूर लागू होते.

काही वर्षांपूर्वी मी एका उसाच्या रानात उभा होतो. असेच चाळलेले शहरी खत तेथे दोन हंगाम पडले होते. खुरपणी करणाऱ्या एका मावशींनी खुरपे खाली ठेवले आणि पदराच्या टोकाने बोट दाबून धरले. बोटात हिरव्या बाटलीच्या काचेची, तांदळाच्या कणीएवढी कपची रुतली होती. शेतमालकाने सरीतली मूठभर माती माझ्या हातावर ठेवली. तीत बांगडीचे दोन तुकडे, टूथपेस्टचे झाकण, चंदेरी पुडीचा कोपरा आणि निळ्या पिशवीच्या नखाएवढ्या चिंध्या होत्या. खत टाकायला एक सकाळ लागली होती. ते तुकडे त्या रानातून आता कधीही वेचून निघणार नाहीत. तुमच्या रानात खुरपायला येणाऱ्या बायका अनवाणी आणि उघड्या हातांनी बसत असतील, हे तुम्ही माझ्याहून अधिक जाणता.

त्या ट्रॅक्टरवाल्याला म्हणून पहिला प्रश्न भावाचा विचारू नका. माल नेमका कोठून निघतो, हे विचारा. हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याचे कारण सविस्तर सांगतो. अनेक शहरांत वर्षानुवर्षे साठलेले कचऱ्याचे डोंगर खणून, वाळवून, चाळून जागा मोकळी करण्याचे काम चालू आहे. त्याला बायोमायनिंग म्हणतात. ते काम आवश्यकच आहे. परंतु त्या चाळणीखाली काळी, भुसभुशीत माती पडते आणि दिसायला ती थेट खतासारखी असते. तिच्यात जुन्या सेलमधील, रंगांतील आणि विद्युत वस्तूंमधील शिसे, कॅडमिअम यांसारखे जड धातू उतरलेले असू शकतात. पालापाचोळा कुजतो, जंतू उष्णतेने मरतात, दुर्गंधी निघून जाते. धातू मात्र कुजत नाहीत. दर वर्षीच्या ट्रॉलीबरोबर ते थोडे थोडे साठत जातात आणि पालेभाज्यांसारख्या पिकांत शिरतात. अशी माती रस्त्याच्या भरावाला जावी, मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात तिला जागा नाही. ट्रॅक्टरवाला कदाचित प्रामाणिक असेल आणि त्यालाही हा फरक माहीत नसेल. म्हणूनच प्रकल्पाचे नाव, मालाचा तुकडी क्रमांक आणि त्याच तुकडीचा तपासणी अहवाल मागितल्याशिवाय पुढे जाऊ नका. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील गाळ त्यात मिसळला आहे का, हेही विचारा. घरगुती सांडपाण्यात कारखान्यांचे पाणी मिसळले की गाळाचा भरवसा संपतो. अमेरिकेतील मेन या राज्यात अशा गाळामुळे शेतातील माती आणि विहिरींमध्ये न विघटणारी रसायने आढळल्यानंतर तेथे २०२२ मध्ये गाळ शेतात टाकण्यावर कायद्याने बंदी आली.

अहवालात काय पाहायचे, ते आता सांगतो. केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टची मानके दिलेली आहेत. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कार्बन, किमान १२ टक्के असावा, कर्ब-नत्र गुणोत्तर २० पेक्षा कमी असावे, सामू, म्हणजे पीएच, ६.५ ते ७.५ च्या दरम्यान असावा. क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युत वाहकता, म्हणजे प्रयोगशाळेच्या कागदावरील ईसी, ४ च्या वर नसावी. आणि किमान ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडावा. धातूंमध्ये दर किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमिअम ५ मिलिग्रॅम आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. अहवालात धातूंचा रकानाच नसेल, तर तो अहवाल अपुरा समजा. राज्यातील नगरपालिका आणि महानगरपालिका तपासलेले कंपोस्ट 'हरित महा सिटी कंपोस्ट' या नावाने विकतात. शहरी खत घ्यायचेच ठरले तर या नावाची, तुकडी क्रमांक छापलेली गोणी घेणे सुट्या ट्रॉलीपेक्षा बरे.

अहवाल मिळाला तरी घरी तीन गोष्टी करून पाहा. त्यांना पैसे लागत नाहीत. बादलीभर पाण्यात दोन ओंजळी खत टाकून काठीने ढवळा आणि पाच मिनिटे ठेवा, म्हणजे प्लॅस्टिक वर तरंगेल आणि काच, वाळू तळाशी बसेल. दुसरी गोष्ट अशी की, मूठभर खत ओलसर करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि तीन-चार दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसानंतर येतो तसा मातीचा वास आला तर खत पिकले आहे. गोठ्यात डोळे चुरचुरतात तसा उग्र दर्प किंवा गटाराचा वास आला तर ते अजून कच्चे आहे. तिसरी गोष्ट उगवणीची. एका थाळीत रानातली माती आणि दुसरीत निम्मी माती व निम्मे खत घेऊन दोन्हींत मुगाचे वीस-वीस दाणे पेरा. मातीत अठरा उगवले आणि खताच्या थाळीत दहाच, तर ते खत कच्चे तरी आहे किंवा खारट तरी आहे.

खारट हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण तुमच्या नदीकडच्या तुकड्याची मला सर्वाधिक काळजी वाटते. तुमच्या तालुक्यात नदीकाठच्या भारी काळ्या जमिनी पाण्याच्या अतिवापराने आणि निचऱ्याअभावी क्षारपड झाल्याचे तुम्ही आजूबाजूला पाहतच असाल. शहरातील ओल्या कचऱ्यात शिजवलेल्या अन्नाचे मीठ असते आणि ते कंपोस्टमध्ये उतरते. दीर सुचवतात त्याप्रमाणे एकरी चार ट्रॉल्या म्हणजे ट्रॉलीत तीन टन माल धरला तर बारा टन होतात. ईसी ४ च्या आसपास असलेले बारा टन खत एका एकरात पडले, तर माझ्या हिशेबाने साधारण दीड क्विंटल विरघळणारे क्षार त्याबरोबर येतात. चांगल्या निचऱ्याच्या जमिनीतून पावसाळ्यात ते धुऊन जातील. जेथे पाणी खाली जातच नाही तेथे ते वर येऊन पांढरे दिसतील, म्हणजे आज जे होत आहे त्यातच भर पडेल. म्हणून त्या तुकड्यात शहरी खत नको आणि कोंबडी खतही नको. तेथे आधी चर काढून किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचऱ्याची सोय करावी लागेल. तुमच्याच तालुक्यात या मार्गाने जमिनी पुन्हा पिकाखाली आल्या आहेत; एखाद्या दिवशी मामंजींना घेऊन तशी एखादी जमीन पाहून या. तोवर पावसाळ्याच्या तोंडावर तेथे धैंचा पेरा. क्षार सोसणारे ते पीक आहे. ४५ ते ५० दिवसांनी, फुलोरा येण्याच्या सुमारास, ते तेथेच गाडले की बाहेरून एक कणही न आणता जमिनीला हिरवे खत मिळते.

आता मिरचीचे नुकसान. त्यात तुमचा दोष नाही, कारण कोंबडी खत चांगले असते असेच सर्वजण सांगतात आणि ते चांगले असतेही. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते, तर कोंबडी खतात वाळलेल्या वजनावर सुमारे तीन टक्के. ओलावा धरून दोन टक्के म्हटले, तरी तीन टनांच्या ट्रॉलीतून वीस गुंठ्यांत साठ किलो नत्र पडले. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळजवळ एकवीस किलो नत्र असते. म्हणजे मिरचीच्या वीस गुंठ्यांत युरियाच्या तीन गोण्या एकाच वेळी ओतल्यासारखे झाले. बागायती मिरचीला हेक्टरी शंभर किलो नत्राची शिफारस आहे आणि त्या हिशेबाने वीस गुंठ्यांना संपूर्ण हंगामात वीस किलो पुरते. शिवाय ताज्या कोंबडी खतातील नत्र ओलावा मिळताच अमोनियात बदलते, ढीग तापतो, कोवळ्या मुळ्या भाजतात आणि क्षारांमुळे रोप पाणी उचलू शकत नाही. पानांच्या कडा करपणे हे त्याचेच लक्षण. मी स्वतः कांद्याच्या रोपवाटिकेत हीच चूक केली होती आणि दहा वाफ्यांपैकी सात वाफे पुन्हा टाकावे लागले होते. त्या वाफ्यांवर सकाळी वाकले की नाकात झिणझिण्या येत. मी तो वास ओळखायला हवा होता.

कोंबडी खत टाकून देऊ नका, त्याला पाचटाची जोड द्या. कुजवणाऱ्या जीवाणूंना कर्ब आणि नत्र दोन्ही लागतात. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र कमी असते, कोंबडी खतात नेमके उलट. वजनाने एक भाग कोंबडी खत आणि दोन भाग कुट्टी केलेले पाचट मिसळले, तर कर्ब-नत्र गुणोत्तर पंचवीस-तीसच्या आसपास येते आणि ढीग चांगला पेटतो, म्हणजे आतून तापतो. ढीग पाच-सहा फूट रुंद आणि चार फूट उंच करा, लांबी जागेप्रमाणे ठेवा. ओलावा असा हवा की मूठ दाबल्यावर बोटांच्या फटीत पाणी दिसावे, पण टपकू नये. तीन-चार दिवसांनी ढिगाच्या मध्यात लोखंडी पहार खुपसा, दहा मिनिटांनी बाहेर काढा आणि तिचे टोक हातात धरून पाहा. चटका बसून हात काढून घ्यावा लागला, तर आत ५५ ते ६० अंश उष्णता आहे, असे समजा. याच उष्णतेत तणांचे बी आणि रोगाचे जंतू मरतात. कडेचा माल आत आणि आतला माल कडेला येईल अशा रीतीने दर पंधरा दिवसांनी ढीग उलटा, कारण न तापलेल्या कडेला तण जिवंत राहते. उलटल्यानंतरही पहार गार निघू लागली, मूळ माल ओळखू येईनासा झाला आणि ढीग निम्म्याने बसला, की खत तयार झाले. याला साधारण तीन महिने लागतात. घाई करू नका. अर्धवट कुजलेल्या शेणखतात आणि उकिरड्यात हुमणीचे भुंगेरे अंडी घालतात आणि त्या खताबरोबर हुमणीच्या अळ्या उसाच्या मुळांशी जाऊन पोहोचतात, हे ऊसवाल्यांना वेगळे सांगायला नको.

युरिया बंद करण्याविषयी दिरांना शांतपणे हिशेब दाखवा. त्यांचा हेतू चांगला आहे. खोडव्याला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी शिफारस आहे, म्हणजे एकरी शंभर किलो नत्र. बारा टन शहरी खतात ओलावा वजा जाता नत्र आठ-दहा किलो टनामागे धरले तरी एकूण शंभर किलोच्या आसपास भरते आणि आकडा जुळल्यासारखा वाटतो. परंतु सेंद्रिय खतातील नत्रापैकी साधारण एक तृतीयांशच पहिल्या हंगामात पिकाला मिळते. बाकीचे पुढे हळूहळू सुटते. म्हणजे पहिल्या वर्षी तीस-पस्तीस किलो मिळतील आणि ऊस भुकेला राहील. युरियाची गोणी सरकारी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळते, तेव्हा केवळ नत्रासाठी कोणतेही सेंद्रिय खत विकत घेणे परवडणारे नाही. सेंद्रिय खत घ्यायचे ते कर्बासाठी. जमिनीत सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर माती आरोग्य पत्रिकेत तो कमी गणला जातो. अशा जमिनीत माती घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि दिलेला युरियाही वाया जातो. कर्ब वाढू लागला की रासायनिक खत टप्प्याटप्प्याने कमी करता येते. ते दोन-तीन हंगामांनी, माती तपासून करावे. एका वर्षात आणि अंदाजाने करू नये.

आणि कर्बाचा विषय निघाला की मी पुन्हा पाचटाकडे येतो, कारण माझे सगळे म्हणणे शेवटी तेथेच आहे. एका एकरातून तीन ते चार टन पाचट निघते. त्यात ३२ ते ४० टक्के कर्ब, सुमारे अर्धा टक्का नत्र आणि एक टक्क्याच्या जवळपास पालाश असते. चार टन धरले तर एकरी सव्वा ते दीड टन कर्ब, युरियाच्या एका गोणीएवढे नत्र आणि पोटॅशच्या एका गोणीहून थोडे जास्त पालाश असा हा माल आहे. तो कोणत्या ट्रॉलीतून आला, त्यात काच आहे की नाही, हे विचारण्याचे कारणच नाही, कारण तो तुमच्याच मातीतून वर आलेला आहे. पेटवला की कर्ब आणि नत्र धुरावाटे जाते, पालाश राखेत उरते आणि वाऱ्याने त्यातलेही काही उडून जाते. वरच्या थरातील जीवाणू आणि गांडुळे भाजतात ते वेगळेच. तीन एकरांत हे होत असेल, तर दरवर्षी नऊ ते बारा टन माल तुम्ही पेटवून देत आहात. हे मी रागाने म्हणत नाही. पाचट पेटवण्यामागे रान लवकर मोकळे करण्याची आणि पाणी देताना सरी तुंबू नये याची खरी अडचण असते, हे मला ठाऊक आहे.

ती अडचण सुटते. ऊस तुटल्यावर उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा, म्हणजे कोंभ जमिनीखालच्या डोळ्यांतून जोमाने फुटतील, आणि बुडख्यांवरचे पाचट बाजूला ओढून सरीत दाबून बसवा. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जीवाणू संवर्धन ही शिफारस आहे. चार टनांच्या एकराला त्यामुळे ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो संवर्धन लागेल. संवर्धन शेणखतात मिसळून पसरा आणि लगेच पाणी द्या. युरिया पाचटावर का टाकायचा, असे मामंजी विचारतील. पाचटात कर्ब नत्राच्या सुमारे ऐंशी पट असतो. बाहेरून नत्र न दिल्यास कुजवणारे जीवाणू मातीतले नत्र उचलतात आणि खोडवा पिवळा पडतो. पाचट ठेवून पाहिले आणि पीक पिवळे पडले, असे सांगणाऱ्या अनेकांनी हा युरिया दिलेला नसतो. पिकाची खते मात्र पाचटावर फेकू नका. पहारीने बुडख्यापासून अर्ध्या फुटाच्या आत, अर्धा फूट खोल भोक घेऊन त्यात द्या. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत आणि दुसरा १३५ दिवसांनी. पहिले पाणी पाचटामुळे पुढे सरकायला वेळ घेईल, ते एकदा बसले की पुढची पाणी सुरळीत जातात आणि दोन पाण्यांमधले अंतरही वाढवता येते. पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या दोन्ही ठिकाणी याविषयी मार्गदर्शन मिळते. तीन एकर एकदम करण्याचा धीर होत नसेल, तर पहिल्या वर्षी अर्ध्या एकरात करा आणि शेजारच्या अर्ध्या एकरात नेहमीप्रमाणे चालू द्या. मे महिन्यात दोन्हीकडच्या सरीत हात घालून ओल तपासा.

प्रेसमडविषयी फार लिहिण्याची गरज नाही. कारखान्याचे प्रेसमड चांगले, फक्त ते ताजे आणि गरम असताना रानात टाकू नये. दोन-तीन महिने कुजवून टाकावे. त्यात आसवनीचे स्पेंटवॉश, म्हणजे मळीपासून अल्कोहोल केल्यावर उरणारे सांडपाणी, मिसळून कुजवलेले असेल, तर क्षार जास्त असू शकतात, म्हणून तेही नदीकडच्या तुकड्यात नको.

शहरी खताचा अहवाल नीट आला आणि घरच्या तीनही परीक्षांत ते उतरले, तर पहिल्या वर्षी एक टन घ्या आणि उसाच्या दहा गुंठ्यांत टाका. भाजीच्या रानात टाकू नका. दहा गुंठ्यांच्या कडेला खुणेचे दगड पुरून ठेवा आणि वर्षभर तेथील पीक, तण आणि माती पाहा. मामंजींनाही ते पाहू द्या. त्यांचे मत बदलले तर ते त्यांच्याच डोळ्यांनी बदलेल आणि नाही बदलले तर त्यांना काहीतरी दिसलेले असेल.

या सगळ्याआधी मातीचे नमुने काढा. ऊस, भाजीपाला आणि पांढरा तुकडा यांचे नमुने वेगवेगळे हवेत. प्रत्येक रानात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडा, घमेल्यात एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करत राहा. झाडाखालची, बांधालगतची आणि नुकतेच खत पडलेली जागा टाळा. नमुने जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात देता येतील. पांढऱ्या तुकड्यासाठी नेहमीच्या तपासणीबरोबर विनिमययोग्य सोडिअमही तपासायला सांगा, कारण ती जमीन नुसती क्षारपड आहे की चोपण (सोडिअम वाढून घट्ट) झाली आहे, हे त्यावरूनच ठरते आणि जिप्सम फक्त चोपण जमिनीला लागते. अहवाल आला की त्या तुकड्याचा सामू, ईसी आणि सोडिअमचा आकडा मला कळवा. जिप्सम लागणार असल्यास एकरी किती टाकायचे, ते मी पुढच्या उत्तरात लिहीन.